ब्लूटूथवाला सुटकेस रेकॉर्ड प्लेयर घेताना नेमकं काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या पेटीभर रेकॉर्ड्स तुमच्याकडे आल्यात, त्यात काही एलपी (म्हणजे प्लास्टिकच्या, एका बाजूला बरीच गाणी मावणाऱ्या रेकॉर्ड्स) आहेत आणि काही जुन्या जड तबकड्या. जागा कमी, म्हणून वाजवून झाल्यावर मिटून ठेवता येईल असा सुटकेसचा प्लेयर हवा, आणि घरात असलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर आवाज यायला हवा. सगळ्याच मॉडेलवर 'ब्लूटूथ' लिहिलंय, मग फरक कशात?

फरक दिशेत आहे. मी स्वतः यात फसले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझा पहिला प्लेयर मी खोक्यावरचं निळं चिन्ह पाहून उचलला. घरी येऊन तासभर स्पीकरशी जोडायची खटपट केली. स्पीकर बिचारा लुकलुकत बसला आणि प्लेयर ढिम्म. शेवटी माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरातली एक ओळ सापडली. त्यातलं ब्लूटूथ फक्त आवाज आत घेणारं होतं. म्हणजे फोनवरची गाणी प्लेयरच्या छोट्या स्पीकरवर वाजवायची! एवढ्यासाठी रेकॉर्ड प्लेयर कोण घेतं, हा प्रश्न मला अजून पडतो, पण स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये हेच मिळतं. तेव्हा वर्णनात 'ब्लूटूथ आउट', 'ब्लूटूथ ट्रान्समीटर' किंवा 'टू-वे' असे शब्द शोधा. नुसतं 'ब्लूटूथ', 'ब्लूटूथ इन' किंवा 'रिसीव्हर' असेल तर तो तुमच्या कामाचा नाही असं धरून चाला. विक्रेत्याला विचारतानाही "ब्लूटूथ आहे का?" असं विचारू नका, उत्तर 'हो'च येईल. "रेकॉर्डचा आवाज माझ्या ब्लूटूथ स्पीकरवर जातो का?" असं विचारा.

बाहेर जाणारं ब्लूटूथ ही माझ्या मते चैन नाही, या जातीच्या प्लेयरची ती खरी गरज आहे. सुई खाचेतली अगदी बारीक थरथर टिपते, आणि सुटकेसमध्ये स्पीकर त्याच पेटीत, सुईपासून वीतभर अंतरावर बसवलेले असतात. आवाज वाढवला की पेटी थरथरते, ती थरथर पुन्हा सुईत शिरते. आवाज घुमतो, कधी सुई उडी मारते. शिवाय एवढ्याशा स्पीकरमधून तबल्याचा डग्गा ऐकू येईल अशी अपेक्षाच करू नये. आवाज दुसरीकडच्या स्पीकरवर गेला की दोन्ही तक्रारी बऱ्याच कमी होतात. फक्त स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका, नाहीतर मूळ रोग परत येईल. पेटीतले स्पीकर बंद करता येतात का, हेही पाहा. ब्लूटूथचा आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे दोन्हीकडून एकदम वाजलं तर विहिरीत गाणं लावल्यासारखं वाटतं.

जोडणीची एक गंमत: अशा बहुतेक प्लेयरना पडदा नसतो. बटण दाबलं की जवळपास जे उपकरण जोडणीसाठी उघडं असेल त्याला ते चिकटतात. पहिल्यांदा जोडताना बाकीचे हेडफोन-स्पीकर बंद ठेवा. अंतर साधारण १० मीटर, मध्ये भिंत आली की त्याहून कमी.

एखादा प्लेयर बाकी सगळ्या बाबतीत आवडला आणि त्यात 'ब्लूटूथ आउट' नसेल, तरी लगेच नाकारू नका. मागे लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटची (आवाज तारेने बाहेर नेणाऱ्या भोकांची) जोडी असेल, तर वेगळा छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर त्याला लावता येतो. माझ्या पहिल्या प्लेयरची अब्रू अशीच वाचली. आरसीए सॉकेट मात्र हवेच. पुढेमागे चांगला ॲम्प्लिफायर घेतलात तर तारेने थेट जोडता येईल.

आता सुई, जिच्याबद्दल जाहिराती फारसं बोलत नाहीत. सुई जिच्यात बसते आणि जी तिच्या थरथरीचा विजेचा संकेत करते ती कार्ट्रिज. स्वस्त सुटकेसमध्ये सिरॅमिक जातीची कार्ट्रिज असते आणि तिचा रेकॉर्डवरचा भार ५-६ ग्रॅमपर्यंत जातो. चुंबकावर चालणारी, चांगल्या जातीची मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण २ ग्रॅमवर चालते. अशा प्लेयरवर एकदा लावल्याने रेकॉर्ड खराब होते, असं घाबरवणारे पुष्कळ भेटतील. तेवढं काही होत नाही. खरं नुकसान करते ती झिजलेली सुई. सोबत येणारी सुई बरेचदा नीलमण्याची असते आणि ती ५० तासांच्या आसपास बदलावी लागते. हिऱ्याची सुई काहीशे तास जाते. म्हणून बदलायची सुई सहज मिळते का, हे प्लेयर घेण्याआधीच पाहा. काही सुटकेस मॉडेलमध्ये मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज आणि सुई धरणाऱ्या दांडीच्या मागे भार जुळवायला फिरवता येणारं वजन असतं. आजोबांच्या रेकॉर्ड्स आहेत म्हणता, तर मी रंगीत कव्हरपेक्षा यावर पैसे घालेन. सुई उड्या मारते म्हणून दांडीवर नाणं ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आधी प्लेयर सपाट जागी आहे का ते बघा.

बाकी किरकोळ. पेटीतली फिरती थाळी लहान असते, १२ इंची एलपी बाजूने बाहेर डोकावते आणि झाकण उघडंच ठेवावं लागतं. त्यात बिघडलेलं काही नाही. रेकॉर्ड संपल्यावर आपोआप थांबायची सोय असेल तर ती बंद करायचं बटणही हवं, कारण कधीकधी ती शेवटच्या गाण्याच्या मधेच थाळी थांबवते. 'पोर्टेबल' म्हणजे बॅटरी आतच आहे असं समजू नका, बरेच प्लेयर फक्त ॲडॅप्टरवर चालतात. आणि उचलून नेण्याआधी सुईचं टोपण घालून दांडी क्लिपमध्ये अडकवा. ही क्लिप मोडकी वाटली तर तो प्लेयर सोडा.

राहिल्या जड तबकड्या. त्या जाड, कडक, आणि एका बाजूला तीनचार मिनिटांचंच गाणं असेल, तर त्या लाखेच्या, ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) आहेत. प्लेयरवर ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग असले तरी तेवढ्याने भागत नाही. एलपी १९४८ साली आली ती बारीक खाच घेऊन; लाखेच्या तबकडीची खाच तिच्यापेक्षा कितीतरी रुंद. एलपीच्या सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर ७८ साठी ७५ च्या आसपास लागतं. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी धूळ चाळत फिरते, आणि गाण्याऐवजी खरखरच जास्त ऐकू येते. तेव्हा ७८ ची वेगळी सुई त्याच कार्ट्रिजला बसते का, हे विचारून घ्या. या तबकड्या हातातून पडल्या की काचेसारख्या फुटतात. प्लेयर येईपर्यंत एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा.