बेळगावकडची एवढी मुलं अकाउंटिंगच का धरतात? त्याला खरंच किंमत आहे का?

मुख्य कारण म्हणजे काम घराजवळ मिळतं. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली फाउंड्री असो की निपाणीचा तंबाखू व्यापारी, हिशेब सगळ्यांनाच लागतो. त्यात आपण सीमेवरचे. तोच माल कर्नाटकातल्याच खानापूरला विकला तर बिलात सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्र आणि राज्य यांच्यात वाटलेला जीएसटी), महाराष्ट्रातल्या चंदगडला पाठवला तर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी). इथं गल्लत झाली की जीएसटी रिटर्नच्या २० तारखेआधी मालक तुमच्याच टेबलाशी उभा!

सुरुवातीचा पगार बेताचाच, हे आधीच सांगतो. नुसतं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकून थांबलात तर एन्ट्र्या मारत बसाल. ताळेबंद बघून “शेठ, उधारी फार तुंबलीय, बँक कर्जाला हात आखडेल” असं सांगता आलं की मग विचारतात. सीए झेपणार असेल तर जरूर करा, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोनच वर्षांची आहे. कन्नड मात्र बोलता यायला हवं, बरीचशी गिऱ्हाइकं त्याच भाषेत बोलतात.