डब्यावरचं बारीक अक्षर वाच

अगं, बाळाला डब्यातल्या पावडरीचं वरचं दूध द्यावं लागतंय म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. आईच्या दुधात ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा असतात. बाळाला त्या पचत नाहीत. त्या म्हणजे आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरिया या चांगल्या जिवाणूंचं खाणं. म्हणूनच काही पावडरींत जीओएस, एफओएस या तशाच प्रकारच्या शर्करा घालतात. डब्यावर ते शोध, पण त्याने आईच्या दुधाची बरोबरी होत नाही. तुला थोडं दूध येत असेल तर तेही पाजत राहा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर डॉक्टरांना दुग्धपेढीबद्दल, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळतं त्या पेढीबद्दल, विचार. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी पेढी १९८९पासून आहे.

पावडर निर्जंतुक नसते. उकळलेलं पाणी ७० अंशांखाली जायच्या आत त्यात पावडर कालव, मग कोमट करून पाज. पावडरीत चांगले जिवाणू घातलेले असले तरी ते त्या पाण्यात मरतील, पण तान्ह्यासाठी हेच सुरक्षित. आणि बाटलीत उरलेलं दूध मुंबईच्या उकाड्यात अजिबात ठेवू नकोस.