वाचकांचे प्रश्न : कचरा निघाला, तरी नदीला वास का?

प्रश्न : रामनदीच्या काठी आम्ही वीसेक जण दर रविवारी कचरा काढतो. पोती भरभरून प्लास्टिक निघतं, पण पाणी काळंच आणि वासही तसाच. कुठे चुकतंय? (बावधन, पुणे)

तुमच्या कष्टांत काही चूक नाही. पण प्लास्टिक डोळ्यांना खुपतं, नदीचा श्वास कोंडतो तो मैलापाण्याने. त्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात तो लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम असतो. ४ च्या खाली बहुतेक माशांना तगणं अवघड जातं. तो संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडू लागतात. सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच, आणि गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की गाळ काळा पडतो.

म्हणून निम्म्या लोकांना कचऱ्यावरून हलवून मैलापाण्याची तोंडं शोधायला लावा. मार्च-एप्रिलमध्ये काठाने चाला. त्या दिवसांत जो पाइप वाहतो त्यात पावसाचं पाणी नसतंच. प्रत्येक तोंडाला क्रमांक द्या, फोटो काढा, मोबाइलवरून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपून घ्या. एक सावधगिरी : बावधनला नदीकाठी जिवंत झरे आहेत. नितळ, बिनवासाचं, फेस नसलेलं पाणी झऱ्याचंही असू शकतं. ते यादीत घालू नका, जपा.

मग प्रवाह मोजा. २० लिटरची बादली १० सेकंदांत भरली तर सेकंदाला २ लिटर, म्हणजे दिवसाला १,७२,८०० लिटर. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर माणशी १०८ लिटर होतं. म्हणजे हा एक पाइप सुमारे १,६०० माणसांचा! इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त सकाळी आठला मोजणं. तेव्हा आंघोळी-धुण्यांमुळे प्रवाह फुगलेला असतो. पहाटे पाच, सकाळी आठ आणि दुपारी तीन असं निदान तीनदा मोजून सरासरी घ्या. हातमोजे आणि गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

पुढचा प्रश्न : हे पाणी नदीत आलं कसं? मुख्य ड्रेनेज लाइन तुंबून चेंबर वाहतोय, की इमारतीची लाइन पावसाळी गटाराला जोडलीय? पहिल्याला सफाई लागते, दुसऱ्याला जोड बदलावा लागतो. ड्रेनेजचा नकाशा माहिती अधिकारात मागा. चेंबरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. सडक्या अंड्याच्या वासाचा तोच हायड्रोजन सल्फाइड वायू आत साठलेला असू शकतो, आणि तो फार दाट झाला की वासच कळेनासा होतो. माणूस बेसावध असतानाच कोसळतो. तपासणी पालिकेच्या ड्रेनेज विभागाकडूनच करून घ्या. "नदी घाण आहे" असा अर्ज फाइलीत पडून राहतो. पाइपचा क्रमांक, जागा, फोटो आणि रोजचे लिटर लिहिलेला अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या, प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला. दर महिन्याला त्याच पाइपांची मोजणी पुन्हा करा.

प्रश्न : जिवाणू घातलेले मातीचे गोळे नदीत टाकले तर पाणी शुद्ध होतं, असं ऐकलं. करावं का?

नको. मैलापाण्यात जिवाणूंची वाण नसते, वाण असते प्राणवायूची. गोळे वाहून जातात, माती गाळात भर घालते आणि वरून घाण येतच राहते. तो खर्च प्राणवायू मोजण्याच्या संचावर करा. शिवाय उथळ पाण्यातले दगड उलटून पाहा : नुसत्या लालभडक अळ्या दिसल्या तर प्राणवायू कमी, मेफ्लाय या उडत्या किड्याची तीन शेपट्यांची पिल्लं दिसू लागली तर पाणी खरंच सुधारतंय.

प्रश्न : जलपर्णी किती वेळा काढायची?

मैलापाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस मिळत राहील तोवर ती येतच राहणार. अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. म्हणून पावसाळा सरल्यावर प्रवाह मंदावतो तेव्हाच, फुलं येण्याआधी काढा, कारण बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. सुरुवात वरच्या अंगाने करा, आणि खाली बांबू-दोराचा आडवा अडसर लावून सुटे तुकडे अडवा. काढलेला ढीग निळ्या पूररेषेच्या (नकाशावर आखलेल्या पुराच्या हद्दीच्या) आत ठेवला तर पहिल्याच पुरात परत नदीत जातो. तणनाशक मारू नका : मेलेली जलपर्णी तळाशी बसून कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही संपवते. तिच्यात जड धातू साठू शकतात, तेव्हा तिचं खत भाजीपाल्याला घालू नका.