‘मदत करते’ असं परत लिहू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग, आणि तिसऱ्यांदा त्यात मीच दिसायला लागले म्हणून घडी घालून ठेवून दिलं. चार दिवसांनी उत्तर लिहितेय ते त्यामुळे.

“सकाळी वायनरीच्या लॅबमध्ये असते, दुपारी पाहुण्यांना वाइन चाखायला देतात त्या टेस्टिंग रूममध्ये, संध्याकाळी बाबांची बिलं बघते. सगळीकडे थोडी थोडी मदत करते. मावशी, मी नक्की कोण होऊ? वाइनमेकर, की मार्केटिंग बघू?”

कोण व्हायचं ते बघू नंतर. आधी तो शब्द खोड. मदत.

मदत पाहुणे करतात. पहाटे उठून टाक्यांचं तापमान लिहिणारी बाई मदत करत नसते, ती वाइन करत असते. तुझा भाऊ फोर्कलिफ्ट फिरवतो तेव्हा तो ‘प्रॉडक्शन बघतो’. तू पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, मोजून वाइन टिकवणारा सल्फर किती घालायचा ते ठरवतेस, तेव्हा मात्र ‘लॅबमध्ये मदत’. पीएच 3.3 असताना जेवढा मोकळा सल्फर पुरतो, त्याच्या तिप्पट 3.8 ला लागतो, हे तुमच्या घरात तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? तू आठवडाभर बाहेरगावी गेलीस तर त्या पिंपांचं काय होईल, हे एकदा शांतपणे डोळ्यासमोर आण. आणि मग सांग, मदत कोण कुणाला करतंय.

मी हे इतकं ठासून का सांगते, ते तुला ठाऊक असेलच. घरात चर्चा झाली असणार. तरी माझ्या तोंडून ऐक.

आमच्या वायनरीत मी बावीस हंगाम काढले. त्यातल्या एका हंगामात मोठ्या टाकीचं थंड पाणी बंद पडलं. रेड वाइनची टाकी, वर सालींचा जाड थर. थर्मामीटर मधोमध खुपसला तर 37 अंश. यीस्ट त्या उष्णतेत मरायला लागतं, आणि मेलेलं यीस्ट साखर खात नाही. रस अर्धवट गोड राहिला, घनता हलेना. मी वेगळ्या भांड्यात दमदार यीस्ट जागवलं, त्यात त्याच टाकीतली वाइन थोडी थोडी घालत गेले, म्हणजे त्याला अल्कोहोलची सवय व्हावी, आणि तिसऱ्या रात्री ते मिश्रण टाकीत सोडलं. कान टाकीला लावून बसले होते. पहाटे आतून बारीक सरसर ऐकू आली. तो आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो.

त्या वाइनला पुढे बक्षीस मिळालं. वायनरीची पन्नाशी झाली तेव्हा एक पुस्तिका छापली. तिच्यात त्या टाकीवर अख्खं पान आहे. माझ्या भावाचा फोटो, भावाचा निर्णय, भावाचा धीर. शेवटच्या पानावर आभार: ‘घरातील महिलांची मोलाची मदत’. मोलाची! मोल किती ते कुणी विचारलं नाही, कारण पगारपत्रकावर मी कधी नव्हतेच.

चूक भावाची म्हणशील. होती. पण सेलरच्या वहीत बावीस वर्षं नोंदी माझ्या अक्षरात आहेत आणि खाली सही एकदाही नाही. सही करायला मला कुणी मनाई केली नव्हती. घरच्याच वहीत सही कसली करायची, असं मला वाटायचं. त्या ‘घरच्याच’ने माझा घात केला.

फ्रान्समध्ये शॅम्पेनचा धंदा चालवणाऱ्या विधवांबद्दल तू वाचलं असशीलच. बार्ब-निकोल पोन्सार्दां 1805 साली विधवा झाली तेव्हा 27 वर्षांची होती. तिने नवऱ्याच्या क्लिको घराण्याचा धंदा चालवला, 1816 च्या सुमारास बाटलीतला गाळ मानेपाशी आणायचं भोकांचं टेबल तिच्या तळघरात वापरात आलं. लुईज पोमरीचा नवरा 1858 मध्ये गेला. 1874 च्या हंगामाची तिची कोरडी शॅम्पेन गाजली. लिली बोलँजेरने 1941 मध्ये सूत्रं घेतली, तीही नवरा गेल्यावर. सगळे या कहाण्या कौतुकाने सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. नेपोलियनच्या 1804 च्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःच्या नावाने व्यवहार करता येत नव्हता, विधवेला येत होता. म्हणजे त्याच बायका, तीच अक्कल. कागदावर नाव यायला नवरा मरावा लागला. क्लिकोच्या लेबलावर ‘व्हव’ छापलेलं असतं, त्याचा अर्थ विधवा. आणि ज्यांचे नवरे दीर्घायुषी निघाले, त्या बायका त्याच तळघरांत काय करत होत्या? मदत.

तुला कुणाच्या मरणाची वाट बघायची नाहीये. आणि आता शिक्षणाचंही निमित्त उरलेलं नाही. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून वाइनशास्त्राची पदवी घेणारी पहिली बाई, मेरी अ‍ॅन ग्राफ, 1965 मध्ये बाहेर पडली. तेव्हापासून किती हंगाम झाले मोज.

तुझा खरा प्रश्न, लॅब की टेस्टिंग रूम. पत्रात टेस्टिंग रूमबद्दल तू जरा नाक मुरडलंयस, ते मला आवडलं नाही. कुठल्या वाइनचा ग्लास अर्धा राहतो, लोक कुठल्या घोटाला थबकतात, हे तिथल्या बाईइतकं कुणाला कळत नाही. सॉर्टिंग टेबलावर उभ्या राहून कुजका मणी हाताच्या एका झटक्यात वेगळा काढणाऱ्या बायकांनी माझ्या लॅबच्या आधी वाइन वाचवलेली आहे. छाटणीला कुठली काडी ठेवायची हे ज्या बाईने मला शिकवलं, तिला वाचता येत नव्हतं. तिचं पद काय होतं? ‘बागेत असते’. यातलं कुठलंही काम घे, मला फरक पडत नाही. पण एक घे, त्याला नाव दे, आणि ते नाव कागदावर आण. पद, पगार, सही. बाबा म्हणतील, “घरात कसला पगार, सगळं तुझंच तर आहे.” तेव्हा हसून विचार, कुठल्या कागदावर? राग येईल त्यांना. येऊ दे. माझ्या वडिलांना आला असता तर बरं झालं असतं. मी विचारलंच नाही.

मग तू सोडून का नाही गेलीस, असं तू विचारणार. सगळेच विचारतात. भित्री होते म्हणून नाही. बाहेर बोलावणी होती. पण उतारावरचा एक जुना प्लॉट होता, त्याची साखर उशिरा भरायची. रोज चालत जाऊन सावलीतले आणि उन्हातले असे दोन्हीकडचे मणी घेऊन रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकायचा. साखरेचं माप 23 ब्रिक्स दिसलं तरी बी चावून बघितल्याशिवाय मी तोडणी लावली नाही. तो प्लॉट दुसऱ्याच्या हातात देववेना. ही सबब आहे का? असेल. मी स्वतःची बाजू मांडायला हे लिहायला बसले नव्हते, पण बसलेच आहे तर लिहिते: जे राहिले ते त्या जमिनीसाठी राहिले, भावासाठी नाही, आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. सहीबद्दल आहे.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात तू विचारलंयस की तीन नंबरच्या टाकीची घनता चार दिवस 1.010 वर अडकलीय. हे वर लिहायचं होतं, वेडे! घाईने पोषक द्रव्यं ओतू नकोस, थकलेलं यीस्ट ती घेत नाही. आधी तापमान बघ, उरलेली साखर मोज, आणि आंबटपणातला उडून जाणारा भाग तपास. त्या गोडव्यावर जिवाणू बसले तर त्याचं व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. मग वेगळं यीस्ट जागव, मी केलं तसं. एकटीने टाकीत वाकू नकोस, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि दिसत नाही. भावाला शेजारी उभा कर. कुणी विचारलंच, तर तो मदत करतोय म्हणून सांग.

वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठव. आकडे मला वाचायचेच आहेत, पण आधी पानाचा खालचा कोपरा बघणार आहे.

तुझी,
मावशी