कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, नुकताच आरए निघालाय. नोकरी जमेल का? ग्रंथपालांना सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए, संधिवाताचा एक प्रकार) निघाला, मुंबईतल्या एका कॉलेजात तुम्ही ग्रंथालय सहायक आहात, आणि सांगितलं तर काढून टाकतील अशी धास्ती वाटते. शेवटी एक ओळ आहे, की सकाळी ब्रशसुद्धा धरता येत नाही आणि रडू येतं. त्या ओळीमुळे मी उत्तर लिहायला बसले.

मला हा आजार होऊन ११ वर्षं झाली, ग्रंथालयात १६. म्हणून आधी उत्तर देते: नोकरी सोडू नका, आणि सांगा. पण "मला आजार आहे, हलकं काम द्या" असं सांगू नका. किती वाजता कुठली हालचाल होत नाही, ते सांगा. एवढं उमजायला मला चार वर्षं लागली आणि तेवढ्यात उजवं मनगट कायमचं बिघडलं.

मी लपवलं होतं. दिसायला मी ठणठणीत, वय छत्तीस, आणि "या वयात संधिवात?" हा प्रश्न ऐकून ऐकून कंटाळले होते. मे महिन्यात साठा पडताळणी निघाली. एकीने दाखल नोंदवहीतला क्रमांक वाचायचा, दुसरीने रॅकवरचं पुस्तक काढून दाखवायचं. माझ्याकडे बांधीव नियतकालिकांचे खालचे खण आले. बारा महिन्यांचे अंक जाड पुठ्ठ्यात बांधलेले, वाकून, ओढून बाहेर काढायचे. तिसऱ्या दिवशी एक खंड हातातून सुटला आणि शिवण उसवून पानं जमिनीवर पसरली. तेव्हाचे वरिष्ठ म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुमचं?" मी सॉरी म्हणाले. हात दुखतो, असं तेव्हाही म्हणाले नाही. त्या रात्री मूठ मिटेना. पुढे एक्स-रे काढला तर मनगटाच्या हाडाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, सूज उतरवता येईल, गेलेलं हाड परत येणार नाही.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही अजून तीनच महिन्यांवर आहात, आणि या आजारात सुरुवातीचा काळच सगळ्यात मोलाचा असतो. ही म्हातारपणची झीज नव्हे. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. ती औषधाने वेळेत आवरली तर सांधे वाचतात. नातेवाईक तेल सुचवतील, काढे सुचवतील, कोणीतरी "वात आहे, जाईल" म्हणेल. मायेने म्हणतात, ऐकून घ्या, पण दुखणं अंगावर काढू नका.

आता कामाचं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तीन आठवडे एका जुन्या वहीत लिहून ठेवलं: वेळ, काम, कुठला सांधा. मला वाटत होतं की सगळंच काम जड जातंय. वही वाचली तर तसं नव्हतं. देवघेवीच्या काउंटरवर बारकोड स्कॅन करणं, विद्यार्थ्याला संदर्भ शोधून देणं, सूचीत नोंदी करणं, हे सगळं बऱ्यापैकी जमत होतं. जीव जात होता तो चारच गोष्टींनी. गुडघ्याखालच्या खणातून जाड खंड ओढणं. सकाळी सकाळी कॉम्पॅक्टरचं, म्हणजे सरकत्या रॅकचं, चाक फिरवणं. एका चाकाने अडणारी ट्रॉली ढकलणं. आणि शिक्के. मार्चअखेर अनुदान संपवायचं म्हणून पुस्तकं एकदम येतात, हे तुम्हाला सांगायला नको. मुखपृष्ठाच्या आतलं पान, गुप्त पान (ग्रंथालयाने ओळखीसाठी ठरवलेलं मधलं एक पान) आणि शेवटचं पान धरलं तर २०० पुस्तकांचे ६०० शिक्के होतात, आणि तेही शिक्क्याची मूठ चिमटीत धरून मारायचे.

मग मी एका पानाचा अर्ज लिहिला. निदान काय, ते एका ओळीत, सोबत डॉक्टरांचं पत्र. या चार हालचाली नकोत, आणि सकाळी साडेआठऐवजी साडेदहाची पाळी हवी, कारण सांधे आखडलेले असतात ते मोकळे व्हायला दीड-दोन तास लागतात. त्याखाली, बदल्यात मी काय करीन ते: वाचनकक्ष बंद होईपर्यंतची संध्याकाळची पाळी (ती कोणालाच नको असते), नवीन पुस्तकांच्या नोंदी, नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, लागणारी आकडेवारी, आणि मुलांना एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन संग्रहातली ई-जर्नल्स शोधायला शिकवणं. नव्याने आलेल्या ग्रंथपाल मॅडमनी वाचलं आणि फक्त एवढंच विचारलं, "शिक्के कोण मारणार?" परिचर दादा म्हणाले, "मी मारतो, ताई माझे फॉर्म भरून देते नाहीतरी." पाच मिनिटांत विषय संपला. चार वर्षं ज्या गोष्टीची मला भीती वाटत होती ती ही.

सगळीकडे अशी माणसं भेटत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून कायद्याचंही सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यातल्या २१ प्रकारांत आरएचं नाव नाही, पण सांध्यांची हालचाल कमी झाली असेल तर ती अस्थिव्यंगात मोजली जाते. आरक्षणासारख्या सवलतींना ४० टक्क्यांचा दाखला लागतो. पण कलम २० लक्षात ठेवा: नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही, त्याचा हुद्दा खाली आणता येत नाही, आणि कामाच्या जागी वाजवी सोय करून द्यावी लागते. या कायद्याच्या व्याख्येत सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही येतात. तुमचं पद अनुदानित आहे की कंत्राटी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कंत्राटी असाल तर आधी नेमणूकपत्र नीट वाचा, आणि अर्ज तोंडी न करता लेखी द्या, पोच घ्या. कंत्राटावरच्या मुलींना आजारपण परवडतच नाही ही आपल्या ग्रंथालयांची फार वाईट गोष्ट आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

हाताची एक युक्ती. पुस्तक काढताना वरच्या टोकाला तर्जनी अडकवून ओढायचं नाही, हे आपण मुलांना सांगतो, कारण पुस्तकाचा कणा वरून फाटतो. शेजारची दोन पुस्तकं जराशी आत ढकलायची आणि हवं ते मधोमध धरून काढायचं. मी स्वतःच घाईत हे पाळत नव्हते. आता पाळते, शिवाय दुसरा तळवा खालून लावते. पुस्तकाचा कणाही वाचतो आणि तर्जनीच्या मुळाशी येणारी कळही. जास्त मागणीचे जाड संदर्भग्रंथ आम्ही कमरेपासून खांद्यापर्यंतच्या खणांत आणले. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, आपण परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. ते खण बदलल्यावर वयस्कर प्राध्यापकही येऊन म्हणाले, बरं झालं, आता वाकावं लागत नाही.

पावसाळ्यात मात्र सांभाळा. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा पुस्तकांनाही सोसत नाही, बुरशी धरते. आपली औषधं प्रतिकारशक्ती खाली आणतात, तेव्हा बुरशीचं पुस्तक झटकण्याचं काम घेऊच नका. बाकी धुळीच्या कामाला मास्क आणि हातमोजे. कोरडा खोकला किंवा धाप लागली तर "पावसाने झालं असेल" म्हणून बसू नका, डॉक्टरांना कळवा.

तुम्हाला मेथोट्रेक्सेट (या आजारावरचं नेहमीचं औषध) दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून घेतली तर जिवावर बेतू शकतं. मी वार ठरवून कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलाय: शनिवार रात्र. रविवारी मळमळतं, ते घरीच निभावतं. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी. रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या चुकवू नका, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असेल तर डोळ्यांचीही. स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. आणि मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही.

लोकलचं तुम्ही विचारलं नाहीत, पण माझा अर्धा थकवा तिथलाच होता. मी भांडुपहून येते. गर्दीत वरची कडी धरून उभं राहिलं की दादरपर्यंत बोटं सुजायची. उशिराच्या पाळीने गर्दी जरा कमी झाली. आता कडीऐवजी दांड्याला कोपर अडकवते, आणि तिघींच्या बाकावरची चौथी सीट मागायला लाजत नाही. "हाताला संधिवात आहे, जरा सरकता का?" एवढं म्हणते. बायका सरकतात. एकीने तर तिच्या सासूची डॉक्टरांची फाइलच मोबाइलवर दाखवली होती.

थकव्याचं घरी समजावणं सगळ्यात अवघड. हा झोपून जाणारा थकवा नव्हे. सासूबाईंना वाटायचं, पुस्तकांत बसून काय दमते ही? एकदा त्यांना माझ्या तपासणीला सोबत नेलं, डॉक्टरांनी त्यांच्यासमोर माझे सांधे दाबून दाखवले. दुसऱ्या दिवसापासून कणीक त्या मळतात. नवरा रात्री सगळ्या बाटल्यांची आणि डब्यांची झाकणं उघडून पुन्हा सैल लावून ठेवतो. हेही मागावं लागलं, आपोआप कोणाला सुचलं नाही.

तर आज रात्रीपासून वही सुरू करा. तीन आठवडे लिहा, मग अर्ज.

आणि रडू. हो, मलाही यायचं, त्याच वेळी, बेसिनपाशी. आता मी उठल्या उठल्या नळाला हातच लावत नाही. कोमट पाण्याची बादली घेऊन खाली पाटावर बसते आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून ठेवते, दहा मिनिटं. पाण्यातच बोटं हळूहळू हलवते. करंगळी आधी सुटते, मग तिच्या शेजारचं. उजव्या हाताचं मधलं बोट सगळ्यात शेवटी. ते वळलं की मी डबा भरायला उठते.