आजोबांच्या हातावरचा लाल किडा

प्रिय ओवी,

परवा शाळेत सोडताना सायकलवर मागून तू विचारलंस, "आई, नुसता किडा दिसला म्हणून आजोबांनी व्हिडिओ कॉल केला?" समोर सिग्नल सुटला होता, म्हणून मी "नंतर सांगते" म्हटलं. ते हे नंतर.

आजोबांच्या तळहातावर दिसला तो मृगाचा किडा. 7 जूनच्या आसपास मृग नक्षत्र लागतं. पहिला पाऊस पडला की जवळजवळ वर्षभर मातीत दडून बसलेले हे किडे थोडा वेळ वर येतात. आमच्या लातूरकडे हा दिसला की "मिरीग निघाला" म्हणतात, आणि मग पारावर वापसा (जमिनीत पेरणीजोगी ओल) कधी येईल, पेरणी कधी धरायची, याशिवाय दुसरं बोलणंच नसतं. आजोबांचा आनंद किड्याचा नव्हता गं, पावसाचा होता.

हात लावला तर अगदी मखमल. बोट टेकलं की पाय पोटाशी घेऊन गप्प बसतो. आम्ही त्याला काडेपेटीत ओली माती नि गवत घालून ठेवायचो. सकाळी पेटी रिकामी! आजी रात्री सोडून द्यायची, हे मला फार उशिरा कळलं.

आता एक गंमत. आपल्या बाल्कनीत गुलाबाच्या कळीवर मावा, म्हणजे ते बारीक हिरवे किडे, पडलाय ना? तिथे काळ्या ठिपक्यांचा लाल ढालकिडा हमखास सापडेल. त्याला बोटावर चढू दे आणि नीट बघ. पुढे डोकं, त्यावर दोन मिशा. मग छाती, मग पोट. पाय सहा, आणि सहाही छातीलाच जोडलेले, पोटाला एकही नाही. पाठीवरची ढाल म्हणजे कडक झालेले पुढचे पंख. उडताना ती उघडते आणि आत घडी घातलेले पातळ पंख बाहेर येतात. ढाल सगळ्यांना नसते, पण असे तीन भाग, दोन मिशा आणि सहा पाय असतात तो कीटक. हा मावा खातो, म्हणून आपल्या गुलाबाला औषध मारावं लागत नाही. तुझ्या शाळेतल्या डच बाई त्याला 'लीवहेर्सबेस्त्ये' म्हणतात, म्हणजे देवबाप्पाचा छोटासा जीव. बघ, डच लोकांनाही एक लाडका किडा आहेच!

मृगाच्या किड्याला मात्र पंख नाहीत, मिशा नाहीत आणि पाय आठ. म्हणजे तो कीटक नाहीच. कोळ्याचा आणि गोचिडीचा भाऊबंद. (त्याच्या पिल्लाला सहाच पाय असतात, त्यामुळे फसायला होतं.) पण मराठीत सरपटणारं, वळवळणारं, उडणारं सगळं 'किडा', आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. कामही तो ढालकिड्यासारखंच करतो. पहिल्या पावसात वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते, तेव्हा तो तिच्यावर ताव मारतो. बाकीच्या किड्यांची अंडीही खातो.

तुझी सुट्टी जुलैत लागते. आपण पोचेपर्यंत मृग संपलेला असणार, हे मलाही सलतंय. म्हणून आजोबांना सांगितलंय, पुढचा किडा सापडला की फोन अगदी जवळ धरा, ओवीला पाय मोजायचेत. ते म्हणाले, "सहाच असतील की! सत्तर वर्षांत कुणी मोजलेत?"

तू मोज आणि त्यांना सांग.

तुझी,
आई