चावी फिरवली की लॉन मोअर नुसता ‘टक्’ करतो, इंजिन फिरतच नाही. काय तपासू?

‘टक्’ आवाज येतोय म्हणजे सोलेनॉइडपर्यंत (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला करंट जोडणारा स्विच) करंट पोचतोय. त्यामुळे सीटच्या किंवा ब्रेकच्या सेफ्टी स्विचमागे आत्ताच लागू नका. ते बिघडले असते तर बहुधा आवाजच आला नसता. आधी बॅटरी बघा. पूर्ण चार्ज असेल तर मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, १२ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. मग टर्मिनल. पांढरी-हिरवट पूड साचली असेल तर आधी निगेटिव्ह, नंतर पॉझिटिव्ह वायर काढून ब्रशने चकचकीत घासा. चासीला जोडलेली अर्थची वायरही घट्ट करा, ती हमखास राहून जाते. तरीही नुसतं टक्‌टकच होत असेल तर दोष बहुधा सोलेनॉइडमध्ये किंवा स्टार्टरमध्ये.